उपग्रहामागे धावू नका, त्याच्या वाटेवर आधी जाऊन थांबा

प्रश्न: रावेर तालुक्यात आमची केळी आहे. रात्रीची लाईट असली की मोटार चालू करायला आणि ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला मळ्यात जावं लागतं. आकाशात सरकणारे ठिपके बघता बघता नाद लागला आणि १०×५० ची दुर्बीण घेतली. स्पेस स्टेशन दिसलं, एकदा स्टारलिंक या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांची रांगही दिसली. पण बाकीचं काही दुर्बिणीत धरता येत नाही, दिसलं की निसटतं. पुढे काय बघावं? अवकाशातला कचरा खरंच दिसतो का, आणि दिसला तर ओळखायचा कसा? याहून मोठी दुर्बीण घ्यावी का?

उत्तर:

भाऊ, ठिपका दिसला की दुर्बीण डोळ्याला लावायची, ही सवय आधी मोडा. तुमच्या १०×५० मध्ये (म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ५० मिलिमीटरची) एका वेळी साधारण साडेसहा अंश आकाश मावतं. स्पेस स्टेशन डोक्यावरून जाताना सेकंदाला जवळजवळ एक अंश सरकतं, म्हणजे सहा-सात सेकंदांत ते एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने बाहेर. ते ठळक असतं म्हणून पुन्हा सापडतं. सहाव्या-सातव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका ठिपका मंद), नुसत्या डोळ्यांना न दिसणारा उपग्रह असा धावत पकडता येत नाही. तो कोणत्या ताऱ्याजवळून किती वाजता जाणार हे आधी काढून ठेवायचं, त्या ताऱ्यावर दुर्बीण रोखायची आणि वेळेच्या दोन मिनिटं आधीपासून हलायचं नाही. फाट्यावर एसटीची वाट बघत उभं राहतो तसं. जवळजवळ सगळं कसब एवढ्यातच आहे. बाकीच्या गोष्टी या थांबण्याच्या सोयीसाठी.

वेळ आणि जागा काढायला हेवन्स-अबव्ह हे संकेतस्थळ आणि स्टेलेरियम हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मात्र ठिकाण म्हणून 'जळगाव' टाकून मोकळे होऊ नका. रावेर जळगावपासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर आहे. चारशे किलोमीटरवरून जाणारा उपग्रह तेवढ्या अंतराने आकाशात सात अंशांपर्यंत सरकलेला दिसतो, म्हणजे पूर्ण दृश्यक्षेत्राबाहेर. तुम्ही बरोबर ताऱ्यावर थांबलेले असता आणि तो शेजारून निघून जातो. मोबाइलच्या नकाशात स्वतःच्या मळ्यावर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश येतील, तेच भरा. दुसरी गोष्ट कक्षेच्या आकड्यांची. टीएलई म्हणतात तो दोन ओळींचा आकड्यांचा संच प्रत्येक वस्तूसाठी वरचेवर नव्याने निघतो. आठशे-हजार किलोमीटरवरच्या वस्तूला आठवडाभर जुने आकडे चालतात. स्पेस स्टेशनसारख्या खालच्या वस्तूला चालत नाहीत, कारण तिथे विरळ हवेचं घर्षण असतं आणि स्टेशन मधूनमधून इंजिन लावून आपली कक्षा उचलतं. निघायच्या आधी आकडे ताजे करून घ्यायचे.

आता वेळेबद्दल. इथे बहुतेक नवखे फसतात, कारण इंग्रजीतली मार्गदर्शनं बहुतांशी इंग्लंड, हॉलंड, कॅनडा इथल्या लोकांनी लिहिलेली असतात. त्यांच्याकडे जूनमध्ये मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली फार खोल जात नाही, त्यामुळे उपग्रह रात्रभर दिसतात. आपण २१ अंश अक्षांशावर आहोत. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, मार्च-ऑक्टोबरच्या सुमाराला तासाला १४ अंश. उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो, त्याच्यावर ऊन पडत असेल तरच तो दिसतो. चारशे किलोमीटर उंचीवरची वस्तू डोक्यावर असताना, सूर्य क्षितिजाखाली सुमारे २० अंश जाईपर्यंतच उन्हात असते. आपल्याकडे म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण दीड तास. आठशे किलोमीटरवरची दोन तास, दीड हजार किलोमीटरवरची अडीच तास. मग सगळं पृथ्वीच्या सावलीत. जूनच्या मध्यरात्रीही खानदेशातून सूर्य ४५ अंश खाली असतो आणि डोक्यावर सावलीची उंची २७०० किलोमीटरच्या वर जाते. तेव्हा रात्री एकला मळ्यात जे सरकताना दिसतं ते बहुधा विमान असतं.

म्हणून तुमच्या पाळीचं वेळापत्रक आधी बघा. संध्याकाळी अंधार पडल्यापासून दोन तास, किंवा पहाटे उजाडण्याच्या आधीचे दोन तास. लाईट रात्री बाराला येऊन पहाटेपर्यंत राहत असेल तर मधल्या वेळात झोपा आणि हिवाळ्यात पाच ते सहा हा तास राखून ठेवा. संध्याकाळी पृथ्वीची सावली पूर्वेकडून चढते, त्यामुळे पूर्वेकडे जाणारा उपग्रह तिकडे पोचता पोचता विझतो. स्पेस स्टेशन विझण्याआधी किंचित तांबूस होतं, ते दुर्बिणीत छान कळतं. पहाटे याच्या उलट, सावली पश्चिमेला असते आणि उपग्रह मोकळ्या आकाशात अचानक पेटल्यासारखा उगवतो. पहाटेच्या निरीक्षणाला एक कडक नियम: पूर्वेला तांबडं फुटलं की दुर्बीण गळ्यातून काढून पिशवीत ठेवायची. सूर्यावर चुकूनही ती जाता कामा नये.

ऋतूंचं म्हणाल तर मेमधल्या धुळीत आकाश पांढुरकं असतं आणि पावसाळ्याचे चार महिने भरवसा नाही. परतीचा पाऊस संपला की हवा धुतल्यासारखी होते. दिवाळीपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत आपला हंगाम. तापीकाठच्या मळ्यांत मात्र हिवाळ्यात दंव फार पडतं, आणि केळीच्या बागेत त्याहून जास्त. काच पुसू नका, ओरखडे पडतात. दुर्बीण अधूनमधून उपरण्याखाली अंगाशी धरली की धुकं जातं. बागेच्या आत बसू नका, बांधावर किंवा विहिरीपासून लांब मोकळ्या जागी खाट टाका. पायात गमबूट, हाताशी बॅटरी, आणि शक्यतो सोबतीला कोणीतरी. सापाचं सांगायला नको, आणि यावल-रावेरकडे बिबट्याही आता नवीन राहिलेला नाही. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद दुहेरी करून बांधा. पांढऱ्या उजेडात एकदा डोळे दिपले की पुन्हा अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मोबाइलच्या पडद्याचंही तेच.

तुमच्या जागेची एक अडचण आहे. उत्तरेला सातपुडा जवळ आहे, त्यामुळे उत्तरेकडचं खालचं आकाश गेलंच म्हणा. चाळीसगावकडच्यांचं उलटं, त्यांची दक्षिण सातमाळ्याच्या डोंगरांनी अडवलेली. (त्याच डोंगरांच्या पायथ्याशी पाटणादेवीला, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा तेराव्या शतकातला शिलालेख आहे. ग्रहगणिताची परंपरा आपल्याकडे परकी नाही, एवढंच सांगायचं होतं.) ज्यांना जमेल त्यांनी हिवाळ्यात एकदा तोरणमाळला जाऊन बघावं. हजार मीटरहून जास्त उंची आणि खालच्या गावांच्या दिव्यांपासून सुटका.

काय बघायचं, त्याची सुरुवात हबलपासून करा. हबल दुर्बिणीची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंश कललेली आहे, त्यामुळे उत्तर युरोपातल्या निरीक्षकांना ती दिसतच नाही. आपण २१ अंशांवर, म्हणजे ती आपल्या डोक्यावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. १९९० मध्ये सोडलेली ही वस्तू अजून चालू आहे आणि नुसत्या डोळ्यांनी दिसते. दिसण्याचा काळ आला की ओळीने बऱ्याच संध्याकाळी दिसते, मग काही आठवडे गायब. थांबून पकडण्याच्या सरावाला याच्यासारखं लक्ष्य नाही: वाट सोपी, प्रत ठळक, आणि चुकलं तर उद्या पुन्हा. स्पेस स्टेशन तुम्ही पाहिलंच आहे. चीनचं तियानगाँग हे अवकाश स्थानकही दिसतं, तेही तसंच सोपं. आपल्या ॲस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताच्या फार जवळची, फक्त सहा अंश कललेली. त्यामुळे खानदेशातून तो दक्षिण क्षितिजापासून जेमतेम बारा-तेरा अंशांवर येतो आणि मंद असतो. तापीच्या मैदानातून, दक्षिणेला गावाचा उजेड नसेल तर प्रयत्न करा, पण पहिल्या वर्षी नको.

आता कचऱ्याकडे येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे. १० सेंटिमीटरपेक्षा मोठे असे तीस हजारांहून जास्त तुकडे पृथ्वीभोवती फिरतात, असं वाचायला मिळतं. ते खरं आहे, पण तळहाताएवढा तुकडा आठशे किलोमीटरवरून दुर्बिणीत दिसत नाही, दिसणारही नाही. दुर्बिणीत दिसतो तो घाऊक कचरा: रॉकेटचे रिकामे टप्पे आणि मेलेले उपग्रह. एका अर्थी या छंदाची सुरुवातच कचऱ्यापासून झाली. ऑक्टोबर १९५७ मध्ये जगभर लोकांनी 'स्पुटनिक पाहिला' म्हणून जे पाहिलं, ते बहुतेकांच्या बाबतीत स्पुटनिकला वर नेऊन सोडणाऱ्या रॉकेटचं धूड होतं. स्पुटनिकचा गोळा स्वतः जेमतेम ५८ सेंटिमीटर व्यासाचा होता. त्याच काळात अमेरिकेत खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी मूनवॉच नावाची मोहीम उभी केली. गावोगावचे हौशी लोक छोट्या दुर्बिणी ओळीने मांडून बसायचे आणि उपग्रह कोणत्या क्षणी रेषा ओलांडतो ते टिपायचे. त्या निरीक्षणांच्या जोडीला जगभर ठिकठिकाणी उपग्रहांचे फोटो घेणारे मोठे बेकर-नन कॅमेरे बसवले होते, त्यातला एक नैनीतालला होता. तुम्ही मळ्यात बसून जे कराल ते याच जातीचं काम आहे.

यादीत नाव वाचताना दोन खुणा लक्षात ठेवा. नावापुढे 'आर/बी' असेल तर तो रॉकेटचा टप्पा, 'डीईबी' असेल तर फुटून निघालेला तुकडा. सुरुवात 'एसएल-१६ आर/बी' पासून करा. हे सोव्हिएत-रशियन झेनिट रॉकेटचे दुसरे टप्पे. प्रत्येकाचं वजन आठ-नऊ टन, लांबी दहा मीटरच्या वर, आणि बरेचसे ८४० किलोमीटरच्या आसपास ७१ अंशांच्या कक्षेत. आपल्याकडून ते उत्तर-दक्षिण किंवा दक्षिण-उत्तर जाताना दिसतात, तिसऱ्या-चौथ्या प्रतीपर्यंत उजळतात. टक्कर झाल्यास सर्वात जास्त नुकसान करू शकतील अशा वस्तूंच्या यादीत जाणकार हे टप्पे अगदी वर ठेवतात. बघताना ते आठवलं की ठिपक्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. त्यानंतर 'एसएल-८ आर/बी', कॉसमॉस-३एम रॉकेटचे टप्पे. साडेसहा मीटर लांब, अडीच मीटरच्या आसपास जाड, ७०० ते १००० किलोमीटरच्या पट्ट्यात, आणि संख्येने दोनशेहून जास्त. एका संध्याकाळी दोन-तीन सहज मिळतात. ते पाचव्या-सहाव्या प्रतीचे असतात, म्हणून दुर्बीण लागतेच, आणि म्हणूनच मला ते जास्त आवडतात. नुसत्या डोळ्यांना रिकाम्या दिसणाऱ्या आकाशातून ते नेमक्या वेळेला ठरल्या ताऱ्यापाशी येतात.

मेलेल्या उपग्रहांत एनव्हिसॅट अवश्य बघा. युरोपचा आठ टनांचा उपग्रह, २००२ मध्ये सोडलेला. एप्रिल २०१२ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला तो तुटलाच. पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास फिरतो आहे आणि आपोआप खाली यायला दीडशे वर्षं लागतील असा अंदाज आहे.

ओळखायचं कसं? वागण्यावरून. चालू उपग्रह आपलं तोंड एका दिशेला धरून ठेवतो, त्यामुळे त्याचा उजेड संथपणे वाढतो आणि कमी होतो. टप्प्याला कोणी धरून ठेवलेलं नसतं. तो लांबट डबा गडगडत असतो. त्याची रुंद बाजू आपल्याकडे आली की उजळतो, टोक आलं की मंदावतो. काही दोन सेकंदांनी लुकलुकतात, काही वीस-तीस सेकंदांनी, काही मधेच एक लख्ख चमक देऊन नाहीसे होतात. विमानाशी गल्लत होत नाही, कारण विमानाची लुकलुक टोकदार असते आणि दुर्बिणीत लाल-हिरवे दिवे वेगळे दिसतात. पण स्थिर उजेड म्हणजे जिवंत, असा उलटा नियम लावू नका. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या धातूच्या डब्यात विद्युतप्रवाह उठतात आणि ते त्याचं गडगडणं हळूहळू थांबवतात. वीस-तीस वर्षं वर असलेले कितीतरी टप्पे आता अगदी शांतपणे जातात. त्यामुळे शेवटचा निवाडा नेहमी वेळ आणि वाटेवरून, लुकलुकीवरून नाही.

लुकलुक मोजण्याची माझी पद्धत सांगतो. मोबाइलचा आवाज टिपणारा रेकॉर्डर चालू करून खिशात ठेवतो. डोळे दुर्बिणीतून काढायचे नाहीत. प्रत्येक चमकेला तोंडाने 'हं' म्हणायचं. घरी आल्यावर रेकॉर्डिंग ऐकून पहिल्या आणि अकराव्या 'हं' मधला वेळ काढायचा आणि दहाने भागायचं. एकेका चमकेचा वेळ मोजण्यापेक्षा हे कितीतरी अचूक येतं. त्याच टप्प्याची पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मोजणी करा. आकडा बदललेला दिसला तर तुमच्या वहीत एका निर्जीव लोखंडाचा दोन वर्षांचा इतिहास जमा झाला.

त्याच रेकॉर्डिंगमधून जागाही टिपता येते. समजा फेब्रुवारी आहे, साडेसातची वेळ. मृग माथ्यापासून थोडा दक्षिणेला आहे. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे दुर्बिणीत एकत्र मावतात आणि वर कडेला थोडी जागा उरते. एक एसएल-८ दक्षिणेकडून येऊन या बाणाला छेदून जाणार असं गणित सांगतं. तुम्ही खाटेवर उताणे, कोपर उशीवर टेकलेले, दुर्बीण बाणावर. खालून व्याधाच्या बाजूने एक ठिपका शिरतो, सेकंदाला अर्ध्या अंशाच्या चालीने. मधला आणि डावीकडचा तारा यांना जोडणारी रेषा तो ओलांडतो त्या क्षणी 'आता' म्हणायचं, आणि लगेच तोंडाने बोलून ठेवायचं: 'मधल्यापासून तिसरा हिस्सा, डावीकडे दोन हिस्से.' झालं. वेळ मोबाइल नेटवर्कशी जुळलेली हवी, म्हणून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला अचूक घड्याळ बघून तास-मिनिट-सेकंद बोलून ठेवा. सरावाने 'आता' एक-दोन दशांश सेकंदांत बरोबर पडतं. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर जातो, म्हणजे दशांश सेकंदाची चूक पाऊण किलोमीटरची. शेतात आडवं पडून, पाचशे-हजार किलोमीटर लांबच्या डब्याची जागा किलोमीटरभराच्या चुकीने सांगता येते. उपग्रहांचा माग ठेवणारे जगभरचे हौशी लोक कित्येक वर्षं याच रीतीने काम करत आले. ज्यांच्या कक्षा अधिकृतपणे जाहीर होत नाहीत त्या गुप्त उपग्रहांच्या कक्षाही त्यांनी अशाच मोजणीतून काढल्या.

कचरा का साठतो हे उंचीवरून समजतं. आपण २७ मार्च २०१९ ला मिशन शक्तीमध्ये स्वतःचा उपग्रह पाडला तो तीनशे किलोमीटरच्या आसपास होता, म्हणून बहुतेक तुकडे थोड्याच काळात खाली येऊन जळाले. चीनने जानेवारी २००७ मध्ये आपला फेंगयुन-१सी फोडला तो ८६५ किलोमीटरवर. त्याचे तीन हजारांहून जास्त तुकडे नोंदले गेले आणि त्यातले पुष्कळ अजून वर आहेत. १० फेब्रुवारी २००९ ला सैबेरियावर ७९० किलोमीटरच्या आसपास इरिडियम-३३ हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस-२२५१ हा मेलेला उपग्रह एकमेकांवर आदळले. त्या उंचीवर हवा इतकी विरळ की तुकड्यांना खाली यायला दशकं लागतात. आपणही यात धुतल्या तांदळासारखे नाही. पीएसएलव्ही-सी३ चा वरचा टप्पा डिसेंबर २००१ मध्ये वरच फुटला आणि तीनशेहून जास्त तुकडे झाले. आता इस्रो असे टप्पे मोहिमेनंतर खाली आणण्याच्या किंवा निर्धोक करण्याच्या मागे आहे, आणि टकरीचे इशारे सांभाळायला बेंगळुरूला २०२२ पासून स्वतंत्र केंद्र आहे.

कचरा खाली येताना दिसला तर तो कसा दिसतो, हे खानदेशाला वेगळं सांगायला नको. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. जळगाव, बुलढाणा, अकोल्यापासून थेट विदर्भापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारी रांग पाहिली. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान, कोणी क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. चीनच्या लाँग मार्च-३बी रॉकेटच्या टप्प्याचे ते अवशेष असल्याचं मानलं गेलं. ओळखण्याची खूण सोपी आहे. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. कक्षेतून येणारा कचरा संथ, जवळजवळ आडवा जातो, मिनिटभरसुद्धा दिसत राहतो, आणि दुर्बिणीत बघितलं तर पुढे एक मोठा तुकडा व मागे निखाऱ्यांची ओळ वेगवेगळी दिसते. जुन्या माणसांना १९७९ चा स्कायलॅब आठवत असेल. तेव्हा गावोगाव घबराट होती आणि तो पडला ऑस्ट्रेलियात. असा प्रसंग तुमच्या मळ्यात आला तर पडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. टाक्यांमध्ये विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो. पोलीस पाटील आणि तहसीलला कळवायचं. आंतरराष्ट्रीय करारांनुसार त्या वस्तूवरची मालकी सोडणाऱ्या देशाचीच राहते, नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारीही त्याचीच.

स्टारलिंकबद्दल फार लिहीत नाही. मे २०१९ पासून ते हजारोंनी वर गेले आहेत. रांग दिसते ती सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, पुढे ते पांगतात आणि मंदावतात. पण मंदावले तरी दुर्बिणीत दिसतातच, त्यामुळे आता संध्याकाळी कुठेही दुर्बीण रोखली की अनोळखी ठिपका जातोच. तुम्ही ज्याची वाट बघत होता तोच हा, असं धरून चालू नका. दिशा आणि वेळ दोन्ही जुळल्याशिवाय वहीत नाव लिहायचं नाही.

थोडा हात बसला की तीन गोष्टींच्या मागे लागा. पहिली, जपानचा अजिसाई. ऑगस्ट १९८६ मध्ये सोडलेला, सव्वादोन मीटरच्या आतबाहेर व्यासाचा गोळा, अंगभर ३१८ आरसे. तो स्वतःभोवती फिरत १४९० किलोमीटरवरून जातो, त्यामुळे दुर्बिणीत सेकंदाला एक-दोन अशा बारीक चमका टपटपत पुढे सरकताना दिसतात. उंच असल्यामुळे इतर सगळे विझल्यावरही तो दिसतो, म्हणून उशिरा मळ्यात पोचणाऱ्याला बरा. दुसरी, जोडीने किंवा तिघांनी जाणारे उपग्रह: अमेरिकी नौदलाच्या टेहळणीच्या जोड्या आणि चीनच्या याओगान मालिकेतली काही त्रिकुटं, हजार-अकराशे किलोमीटरवर, एकाच दृश्यक्षेत्रात एकमेकांचं अंतर राखून चालणारी. तिसरी आपल्या रेखांशाची खास: भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याच्याच चालीने फिरल्यामुळे आकाशात एकाच जागी दिसणारे. ७४ अंश पूर्व या जागेवर आपले इन्सॅट-३डीआर आणि जीसॅट-१८ आहेत, म्हणजे धुळ्या-जळगावच्या जवळजवळ थेट दक्षिणेला, क्षितिजापासून ६५ अंशांवर. ३६ हजार किलोमीटरवर असल्याने एरवी ते दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर असतात. पण मार्चचा दुसरा आठवडा आणि ऑक्टोबरची सुरुवात या दिवसांत, मध्यरात्रीच्या सुमाराला, पृथ्वीच्या सावलीत शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर काही मिनिटं त्यांच्या सौरपट्ट्या ऊन नेमकं आपल्याकडे परतवतात. तेव्हा एखादा सहाव्या-सातव्या प्रतीपर्यंत उजळतो. यासाठी दुर्बीण ट्रायपॉडवर घट्ट हवी. दृश्यक्षेत्रातले सगळे तारे हळूहळू पश्चिमेला वाहत जातात आणि एक ठिपका जागचा हलत नाही, तो उपग्रह. बाराच्या लाईटला मळ्यात असणाऱ्या माणसाला एवढ्या एकाच जातीचे उपग्रह मध्यरात्री मिळतात, आणि तुम्ही तसेही जागेच असता.

राहिला मोठ्या दुर्बिणीचा प्रश्न. २०×८० घेऊ नका, निदान आत्ता नको. तिच्यात आकाश तीन-साडेतीन अंशच मावतं, हातात धरवत नाही, आणि जवळून जाणारा टप्पा तीन-चार सेकंदांत निघून जातो. झूमवाल्या दुर्बिणींच्या तर वाटेलाच जाऊ नका. आहे ती १०×५० तपासा: एका ताऱ्यावर रोखल्यावर दोन्ही डोळ्यांना मिळून तारा एकच दिसतो की दोन? दोन दिसत असतील तर आतले प्रिझम सरकलेले आहेत, वॉरंटीत असेल तर बदलून घ्या. त्या पैशांत एक बऱ्यापैकी ट्रायपॉड आणि दुर्बीण त्याला जोडायचा कंस घ्या. वयाने चाळिशी ओलांडलेली असेल तर ७×५० चा मोहही नको. तिच्यातून सात मिलिमीटरचा प्रकाशझोत बाहेर पडतो आणि आपल्या बाहुल्या तोवर तेवढ्या उघडेनाशा होतात. घरात कोणी विशीतलं असेल तर मात्र ७×५० त्याच्या हातात द्या, स्थिर राहते आणि सात अंश आकाश दाखवते. पहिल्या महिन्यात हबल, एक एसएल-१६ आणि एक एसएल-८ एवढे तीनच ठरवून पकडा. वहीत तारीख, वेळ, कोणत्या दोन ताऱ्यांमधून गेला, लुकलुकला का, एवढंच लिहा. एखादा वेळेवर आला नाही तर तेही लिहा, सोबत टीएलई किती दिवस जुने होते ते. न येण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.